पेल्यावरचा चमचा

"अहो बाई, नको म्हणतोय ना!" मी चक्क मराठीत ओरडलो. त्या बाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातातल्या तव्यातले चार-पाच मासे उलथन्यानं उचलले आणि माझ्या ताटात टाकले.

छोटे छोटे मासे, आमच्या मांदेलीएवढे. मक्याच्या पिठात घोळवून, तव्यात शेपटीला शेपटी लावून गोल रचलेले आणि कुरकुरीत तळलेले. वास असा, की आजारी माणूस अंथरुणातून उठून ताट मागेल. मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले होते. पण बाई पट्टीची वाढपी होती. हातांच्या मधली फट शोधून तिनं बरोबर वाढलं.

"आप्पा, नको असेल तर राहू दे हं," माझी सून अनघा म्हणाली. "मी सांगते त्यांना."

"राहू दे आता. ताटात पडलंय ते टाकायचं कसं? अन्न टाकणं आमच्यात बसत नाही," मी म्हणालो, आणि खाली मान घालून खायला लागलो.

हे रॉटरडॅममधलं. नेदरलँड्सचं मोठं बंदर आहे ते. माझा मुलगा तुषार तिथं बंदराच्या कामावर इंजिनियर. आठ वर्षं झाली या गोष्टीला. त्या दिवशी रविवार होता आणि गुरुवारी माझं परतीचं विमान. निरोपाचं जेवण म्हणून दोघं मला या तुर्की हॉटेलात घेऊन आले होते. संध्याकाळ झाली होती, पण तिथं जूनमध्ये सूर्याला घरी जायची घाई नसते. खिडकीतून टेबलावर चांगलं ऊन पडलं होतं आणि बाहेरून ट्राम घंटी वाजवत जात होती.

"कुठं जाऊया आप्पा? भारतीय, इटालियन, तुर्की?" तुषारनं सकाळी विचारलं होतं.

"कुठंही चालेल," मी म्हटलं होतं. मनात म्हणत होतो, जिथं पोटभर मिळेल तिथं ने बाबा.

कारण मी महिनाभर उपाशी होतो. पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं होतं.

आता कुणाला वाटेल, सुनेनं सासऱ्याचा छळ मांडला. छे छे! अनघासारखी मुलगी दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. कामावरून यायची, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत माझ्यासाठी ताज्या पोळ्या लाटायची. पहिली पोळी वाढायची. ती संपली की विचारायची, "आप्पा, आणखी पोळी?"

मी म्हणायचो, "नको."

ती म्हणायची, "बरं." आणि डबा बंद!

अहो, पहिलं 'नको' म्हणजे काय खरं 'नको' असतं होय? आम्हाला आईनं शिकवलं होतं, पहिल्यांदा नको म्हणायचं, मग पुरे म्हणायचं, मग हात आडवा धरायचा, आणि तरीही वाढतील ते मुकाट्यानं खायचं. पहिल्याच हाकेला 'वाढा' म्हणेल तो अधाशी. माझी बायको शालन तर मला विचारायच्या भानगडीतच पडायची नाही. मी इकडे 'नको नको' म्हणतोय तोवर भाकरी ताटात पडलेली असायची. "ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमची खोड मला ठाऊक आहे," म्हणायची. ती जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत माझं 'नको' ऐकूनही वाढणारं कुणी उरलं नव्हतं.

दिवसा घरात मी एकटाच असायचो. पण दुसऱ्याच्या घरातलं फडताळ उघडून खायचं म्हणजे चोरीच की. मुलाचं घर झालं म्हणून काय झालं, संसार सुनेचा असतो. मग मी एक युक्ती काढली. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव घ्यायचा आणि कालव्याकाठी जाऊन बदकांना घालायचा. चार तुकडे बदकांना, बाकीचा मला. तुषार फोनवर मित्रांना कौतुकानं सांगायचा, "आप्पांना बदकांचा फार लळा लागलाय." बदकं मात्र मला बघून नाराज व्हायला लागली होती.

त्यातच तिकिटाची भानगड झाली. मी आलो होतो तीन महिन्यांसाठी. बाळ ऑगस्टमध्ये होणार होतं, ते बघून मग परतायचं असा बेत. शालनच्या मऊ सुती साड्यांची दुपटी शिवून आणली होती. माझ्या हातानं नातवंडाला त्यात गुंडाळायचं, एवढी एकच हौस घेऊन मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो होतो. पण एका संध्याकाळी जेवताना, एका पोळीवर भागवता भागवता, माझ्या तोंडून गेलं, "आता घरी जावं म्हणतो. तुमची उगाच अडचण."

यावर घरच्या माणसानं काय म्हणायचं असतं? "असं कसं? आम्ही जाऊच देणार नाही!" असं म्हणायचं असतं. निदान खोटं खोटं रागवायचं असतं. अनघानं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा उतरल्यासारखा वाटला, पण ती एवढंच म्हणाली, "आप्पा, तुम्हाला खरंच जायचंय?"

"हो, म्हणजे... जावं म्हणतो."

"बरं. तुम्हाला हवं तसं."

आणि तुषार उठून लॅपटॉपवर बसला. माझा ताकभात संपायच्या आत तिकीट बदललेलं! मी भार्गव सुर्वे, चिपळूणच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून हयात घालवली. हजारो गाड्या सोडल्या, पण इतक्या झटपट सुटलेली गाडी कधी बघितली नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या रात्री मी ठरवून टाकलं की आपण यांना नकोसे झालोय. दुपटी कपाटात ठेवायची, निघायचं, आणि पुन्हा इकडे पाऊल टाकायचं नाही. मला फार वाईट वाटलं होतं. पण बोलणार कोण?

तर ते तुर्की हॉटेल. मालकीण तीच आणि स्वयंपाकीणही तीच. नाव नेर्मिन. साठीची, ठेंगणी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आवाज माझ्या तोडीचा. तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या काठी तिचं गाव. लग्न होऊन इकडे आली ती इथलीच झाली. तिला डच येत होतं आणि अनघाला डच येत होतं, त्यामुळे आमचं बोलणं अनघामार्फत चाललं होतं.

"त्या विचारतायत, तुमचं गावही समुद्राजवळ आहे का?"

"खाडी आहे म्हणावं. का?"

"म्हणतात, मासा खायची पद्धत बघून कळलं. काटा एका ओढीत काढताय."

मला बरं वाटलं. या देशात आल्यापासून माझं कुणी कौतुक केलं नव्हतं. मी आणखी दोन काटे ऐटीत ओढून दाखवले.

मसुराचं गरम गरम सूप, मक्याची भाकरी, लोणच्यातल्या मिरच्या, लोण्यावर परतलेला भात आणि ते मासे. नेर्मिनबाई आणत होती, मी नको म्हणत होतो, ती वाढत होती, मी खात होतो. सगळं कसं रीतसर चाललं होतं. पोटातले कावळे महिनाभरात पहिल्यांदा गप्प झाले. तुषार हातातला काटा विसरून माझ्याकडे बघत होता.

"आप्पा, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय?"

तेवढ्यात बाई पुन्हा तवा घेऊन आली. मी रिवाजाप्रमाणे दोन्ही हात आडवे धरले. बाईनं उलथनं उचललं, आणि अनघा ताडकन उठून उभी राहिली.

मला डच कळत नाही. पण भांडण कुठल्याही भाषेतलं असो, स्टँडवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते कळतंच. अनघाचा चेहरा लाल झाला होता आणि आवाज थरथरत होता. तिला एवढं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले.

"काय म्हणतेय रे?" मी तुषारला हळूच विचारलं.

"म्हणतेय, ते कधीपासून नको म्हणतायत. माणसानं किती वेळा नको म्हणायचं? म्हाताऱ्या माणसाला अशी जबरदस्ती का करता?"

नेर्मिनबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तवा टेबलावर ठेवला. मग उलथनं माझ्या ताटाकडे रोखून ती काहीतरी बोलली. तुषारनं मान खाली घातली.

"सांग की."

"म्हणतात, 'नको' हे नुसतं तोंडानं म्हणतायत. ताट बघा."

तिघांनीही माझ्या ताटाकडे बघितलं. काय सांगू, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. ताट धुतल्यासारखं लख्ख होतं. काटे एका कडेला नीट रचलेले. तेलाचा थेंबसुद्धा मी भाकरीनं पुसून खाल्ला होता.

बाई आणखी एक वाक्य बोलली आणि आत निघून गेली. ते वाक्य तुषारनं मला सांगितलं नाही. अनघा खाली बसली आणि तिनंच सांगितलं, "त्या म्हणाल्या, हा माणूस भुकेलेला आहे. आजचा नाही, बऱ्याच दिवसांचा."

मी मिरचीचं देठ मोडत बसलो.

"आप्पा, खरं सांगा. तुम्हाला घरी पोट भरत नव्हतं?"

"अगं, वय झालं की भूक..."

"आप्पा."

"एक पोळी कमी पडायची," मी म्हणालो. "दोन म्हण."

"मग मी विचारत होते की रोज! तुम्ही नको म्हणायचात!"

"तू एकदाच विचारायचीस."

हे मी सहज बोलून गेलो. पण तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तुषारनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं बाजूला केला.

"माझ्या बाबांना साखर होती," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे. पण ते कसे गेले ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. गोड सोडलं होतं त्यांनी. कुठंही गेले की नको म्हणायचे. लग्नात, बारशात, सत्यनारायणाला. अक्षरशः हात जोडून नको म्हणायचे. आणि लोक जिलबी घेऊन मागं लागायचे. 'एकानं काय होतंय', 'आमचा मान नाही ठेवलात'. भिडस्त होते, खायचे. आधी पाय कापावा लागला, मग तेही गेले. मी दहावीत होते. तेव्हापासून आईनं घरात एकच शिस्त लावली. कुणी नको म्हणालं की नको. दुसऱ्यांदा विचारायचं नाही. पुन्हा विचारणं म्हणजे त्या माणसाच्या शब्दाला किंमत न देणं." तिनं नाक पुसलं. "मी तुमचा मान ठेवत होते, आप्पा."

महिनाभर मी या पोरीला मनातल्या मनात कोरडी, हिशेबी, काय काय म्हणत होतो. आणि ती रोज, डबा बंद करता करता, माझा मान राखत होती. मला तिची इतकी माया आली, की शालन असती तर तिनं पोरीला तिथंच जवळ ओढलं असतं. मला तसलं काही जमत नाही. मी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

"तुझंही बरोबर आहे ग," मी म्हणालो. "तुझ्या बाबांना कुणी पुन्हा विचारलं नसतं तर बरं झालं असतं. पण आमच्याकडची रीत वेगळी. आमच्याकडे पहिलं नको मोजतच नाहीत."

"पण मला कळायचं कसं? कुठलं नको खरं आणि कुठलं रीतीचं?"

शालनला कसं कळायचं हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात नेर्मिनबाई चहा घेऊन आली. कमरेत बारीक, वर फुललेले काचेचे छोटे पेले, खाली बशी, बशीत साखरेचे खडे आणि एक इवलासा चमचा. तिला आमचं मराठी काय कळणार, पण अनघाचे डोळे तिनं बघितले. खुर्ची ओढून सरळ आमच्या टेबलाशी बसली. अनघाच्या पोटाकडे बघून काहीतरी पुटपुटली, बहुतेक आशीर्वाद असावा. मग माझ्या बशीतला चमचा उचलला आणि शाळेतल्या मास्तरीणबाईसारखं शिकवायला लागली. अनघा एकेक वाक्य मराठीत सांगत होती.

"म्हणतात, आमच्याकडे पेला रिकामा दिसला की आम्ही भरतो. पाहुणा तोंडानं नको म्हणाला तर ते ऐकू येत नाही. पण खरंच पुरे झालं, तर त्यानं चमचा असा पेल्यावर आडवा ठेवायचा." बाईनं चमचा पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवून दाखवला. "एकदा चमचा आडवा दिसला, की मग थेंबभरही वाढायचा नाही. तिथं जबरदस्ती करणारा अडाणी."

अनघा एकदम ताठ बसली. ती एका कंपनीत आकडेवारीचं काम करते. स्वच्छ नियम दिसला की तिचा चेहरा उजळतो. तिनं बाईला काहीतरी विचारलं आणि बाई मोठ्यानं हसली.

"काय विचारलंस?"

"विचारलं, चमचा आडवा नसेल तर पुन्हा पुन्हा विचारत राहायचं का? तर म्हणतात, विचारायचं कशाला, भरायचा!"

"हुशार बाई आहे," मी म्हणालो. "शालनच्या माहेरची असावी."

अनघा हसली. रडता रडता हसली. बाई चमचा माझ्या बशीत परत ठेवून दुसऱ्या टेबलाकडे गेली. चहा कडक होता, लाल. मी एक पेला संपवला. बाईनं जाता जाता भरला. मी 'नको' म्हणालो, तिनं ऐकलं नाही. तोही संपवला.

बाहेर एक ट्राम गेली. अनघा माझ्या रिकाम्या पेल्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आप्पा, बाळ येईपर्यंत राहा."

मला वाटलं होतं की आता ती पोळ्यांचं काहीतरी बोलेल. मी गडबडलो. आणि तोंडातून जन्मभराच्या सवयीनं जे यायचं तेच आलं.

"नको ग. कशाला उगाच तुमची अडचण?"

ती 'बरं' म्हणाली नाही. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. तिची नजर पेल्यावर होती. चमचा बशीत होता.

"राहा," ती म्हणाली.

"अगं, तिकीट झालंय. सगळं ठरलंय."

"मी विमान कंपनीला फोन करतो..." तुषारनं खिशात हात घातला.

"तू थांब," ती त्याला म्हणाली. "मागच्या वेळीही तूच घाई केलीस. आधी त्यांना सांगू दे." मग माझ्याकडे वळली, म्हणजे माझ्या पेल्याकडे. तिचा आवाज बारीक झाला होता. "आप्पा, तुम्ही जावं म्हणालात त्या रात्री मी खूप रडले. मला वाटलं, आमच्या घरी तुमचं मन रमत नाही. माझे बाबा नाहीत. बाळाला कडेवर घ्यायला एकच आजोबा आहेत. मी आयुष्यात कधी कुणाला तिसऱ्यांदा विचारलेलं नाही. आज विचारते. राहता का?"

हॉटेलात भांड्यांचे आवाज चालले होते, कुणीतरी हसत होतं. 'हो' म्हणायची सवयच नाही हो जिभेला. सत्तर वर्षांत पहिल्या फटक्यात 'हो' म्हणालो असेन तर फक्त शालनला बघायला गेलो तेव्हा.

मी बशीतला चमचा उचलला.

अनघाचा चेहरा पडला. पण नियम म्हणजे नियम. तिनं ओठ घट्ट मिटले आणि माझा हात कुठं जातो ते बघत राहिली. तुषारही बघत होता.

मी तो चमचा सदऱ्याच्या खिशात टाकला आणि वरून बटण लावलं.

नेर्मिनबाई किटली घेऊन आली. पेल्यावर चमचा नाही हे बघून तिनं पेला काठोकाठ भरला आणि वर साखरेचे दोन खडे टाकले. मग तिला बशीतही चमचा दिसेना. तिनं बशी उचलून बघितली, ताट सरकवून बघितलं, टेबलाखाली वाकून बघितलं. अनघा तोंडावर पदर धरावा तसा रुमाल धरून हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

एसटीत असताना कुणाच्या पैशाला हात लावला नाही मी. पण त्या दिवशी मी अगदी साळसूद चेहरा केला, आणि साखर न ढवळताच चहा प्यायलो.